हिरव्या वायरीतली वीज

मी माझ्या हातांनी वायरिंग केलेलं पहिलं घर आमचंच होतं, आणि त्या घरानं दीड महिन्याच्या आत माझ्या बापाला धरलं. आमच्याकडं 'धरलं' असंच म्हणतात. विंचू चावतो, बैल मारतो, वीज धरते. त्या वेळी मी एकोणीस वर्षांची होते, आयटीआयला वायरमनचा ट्रेड शिकत होते, आणि जगात काय बरोबर आणि काय चूक याबद्दल मला कसलीही शंका नव्हती. आज साठीकडं झुकताना मला पुष्कळ शंका आहेत. त्यातली पहिली त्या रविवारी सकाळी आली.

आमचं घर पारनेर तालुक्यात, गावाच्या ओढ्यापलीकडं. दोन खोल्या, मागं चूल आणि मोरी, वर पत्रा. ऊन चढलं की पत्रा टक्‌ टक्‌ वाजायचा आणि उतरलं की पुन्हा वाजायचा, त्यावरून आई वेळ सांगायची. आण्णा, म्हणजे माझे वडील, नगरला एका छापखान्यात कंपोझिटर होते. डाव्या हातात जुळणीची स्टिक धरून उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, उचलायचे आणि शब्द जुळवायचे. प्रुफंही तेच तपासायचे. शनिवारी एसटीनं गावी येताना त्यांच्या पिशवीत शेवचिवडा आणि छापताना बिघडलेली पत्रकं असत. मोर्चाची, सभेची, जयंतीची, पाण्यासाठीच्या धरण्याची. एका बाजूला छापलेली, दुसरी बाजू कोरी. आमच्या फडताळात तीच अंथरलेली, आईची भाकरी शेतावर त्यातच बांधून जायची. मी अक्षरं गिरवली ती त्यांच्या कोऱ्या बाजूवर आणि वाचायला शिकले ती छापील बाजूवरून. त्यामुळं माझं बोलणंही तसंच झालं. "मीठ दे" म्हणतानासुद्धा माझ्या वाक्याला उद्गारचिन्ह असायचं. आई म्हणायची, "ह्या पोरीला घास भरवाया गेलं तरी आधी घोषणा देती."

घरात वीज होती, पण ती कशी होती ते सांगितलं पाहिजे. बबन वायरमननं लाकडी पट्टीतून वायरींची एकच जोडी घरभर फिरवलेली. त्याच जोडीवर दोन खोल्यांचे बल्ब, त्यावरच टेबलफॅन, त्यावरच चुलीजवळचा दिवा, आणि आण्णांनी आणलेली इस्त्रीही त्यावरच. इस्त्री लावली की बल्ब लाल व्हायचे, पंखा दम लागल्यासारखा फिरायचा. फ्यूज सारखा उडतो म्हणून बबननं त्यात बोटभर जाड तार घातली होती. मग फ्यूज उडायचा थांबला आणि एका शनिवारी पट्टीच उडाली. आण्णा शर्टाला इस्त्री करत होते, भिंतीतून धूर आला, जळक्या रबराचा वास आईच्या कालवणात उतरला. त्या दिवशी जेवताना मी जाहीर केलं की हे घर मी नव्यानं वायर करणार. आण्णांनी माझ्याकडं पाहिलं, ताटातली मिरची बाजूला केली आणि म्हणाले, "आधी कागदावर दाखव."

मी एका पत्रकाच्या पाठीवर नकाशा काढला. घराचा चौकोन, दारापाशी बोर्ड, बोर्डातून निघणाऱ्या चार रेघा. पहिली दिव्यांची, बारीक वायर, लहान फ्यूज. दुसरी पंख्याची आणि रेडिओची. तिसरी फक्त इस्त्रीची, जाड वायर. चौथी चूल आणि मोरीकडची. प्रत्येक लाईन बोर्डातून निघणार, आपल्या खोलीत जाणार आणि तिथंच संपणार. आयटीआयचे सर त्याला रेडियल म्हणायचे. प्रत्येकीची फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, वेगळी, आणि न्यूट्रल, म्हणजे ती परत नेणारी, तीही वेगळी. कुणाची न्यूट्रल कुणाला उसनी द्यायची नाही. एकीत बिघाड झाला तर तिचाच फ्यूज जाईल, बाकीचं घर उजेडात राहील. आणि सगळ्या लाईनींबरोबर एक हिरवी वायर, अर्थिंगची. यंत्राच्या पत्र्यात चुकून वीज उतरलीच, तर हिरवी वायर ती जमिनीत नेणार. त्या हिरव्या वायरीवर माझा जीव जडला होता. सगळ्यांच्या वाट्याचा धोका मुकाट वाहून नेणारी वायर, असं मी वहीत लिहूनही ठेवलं होतं. सरांचा आणखी एक नियम होता. वायर कुठं संपते ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिच्याबद्दल बोलायचं नाही. तो मी लिहून ठेवला नव्हता.

आईला समजावताना मी पाटाचं उदाहरण दिलं, कारण तिचं माहेर राहुरीकडं, उसाच्या पाण्याचं. "पाटातून चाऱ्या फुटतात ना, तसं. हरेक चारी आपल्या रानात जाती आन तिथंच संपती."

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आन टेलच्या, पार शेवटच्या रानाला पानी पोचत न्हाई, त्याचं काय करती तुजी चारी?"

"आपल्या घरात टेल नाही गं."

"बरं," आई म्हणाली आणि सूप पाखडलं.

दोन शनिवार-रविवार मी भिंतीवर होते. जुनी पट्टी उकलताना चुलीच्या भिंतीत मला एक वायर अशी सापडली की जी आत कुठंच जात नव्हती. पत्र्याखालच्या फटीतून ती शेजारी सखूआत्याच्या खोलीत गेली होती. एकच वायर, जोडी नव्हे. मी भिंतीवरून उडी मारून पाहिलं तर आत्याच्या उंबऱ्यापाशी जमिनीत एक पहार ठोकलेली आणि बल्बचं दुसरं टोक तिला गुंडाळलेलं. म्हणजे फेज आमची आणि न्यूट्रलच्या जागी धरणी माता. गावोगाव असं चालायचं. पावसाळ्यात अशा पहारेजवळ शेळ्या मरायच्या, आणि लोक म्हणायचे पान लागलं, म्हणजे साप चावला.

सखूआत्या एकटी बाई. गोधड्या शिवायची. तिच्या खोलीला खिडकी नव्हती, भरदुपारी सुईत दोरा ओवायला उजेड लागायचा. खोली तिच्या मेलेल्या दिराच्या नावावर, त्यामुळं मीटर मिळत नव्हता. आण्णा गेली कित्येक वर्षं तिच्यासाठी अर्ज लिहीत होते. वीज ऑफिसात, ग्रामपंचायतीत, तहसिलात. त्यांचं म्हणणं ठाम होतं. उसन्या उजेडानं माणूस मिंधा होतो, मीटर हक्काचा घ्यायचा. आणि त्यांच्याच घरातून उसना उजेड जात होता, त्यांना न कळता.

मी आईला धारेवर धरलं. आण्णांशी खोटं वागलीस, बेकायदा काम केलंस, शिवाय जमिनीत पहार ठोकून वीज वापरणं म्हणजे मरणाला निमंत्रण, अशी तीन कलमं लावली. "खरं अर्थिंग कसं असतं ते बघ," म्हणून तिला मोरीमागं घेऊन गेले. तिथं मी छातीइतका खड्डा खणून पत्रा पुरला होता, वर कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा. वर एक नटबोल्ट, त्याला हिरवी वायर. "ही जागा सुरक्षित. इथं किती वीज आली तरी जमीन पिऊन टाकती. फक्त रोज एक कळशी पाणी घालायचं."

"जमिनीला रोज कळशी?" आई म्हणाली. "टँकर चार दिसातनं एकदा येतोय."

"घालायचं म्हणजे घालायचं!"

मग मी पक्कड घेतली आणि सखूआत्याची वायर भिंतीलगत तोडली. आई एवढंच म्हणाली, "तिचा मीटर येस्तवर तिनं काय करायचं?"

"आपण मोर्चा काढू."

"व्हय," आई म्हणाली. "मोर्च्यात लई उजेड असतो."

आण्णांना आम्ही दोघींनीही सांगितलं नाही. तिनं भीतीनं सांगितलं नाही, आणि मी तिच्यावर उपकार म्हणून. आण्णांनी नवा बोर्ड पाहिला, चारही फ्यूज काढून पुन्हा बसवले, इस्त्री लावून बल्बकडं बघितलं. बल्ब हलला नाही. खिशातून पेन काढून त्यांनी माझ्या नकाशाच्या कोपऱ्यात प्रुफावर करतात तशी सही केली. म्हणजे छापायला हरकत नाही. मला तेवढा आनंद पुढं पगाराच्या पहिल्या दिवशीही झाला नाही.

पुढचे पाच-सहा आठवडे मी आठवडाभर नगरला मावशीकडं आणि शनिवारी घरी, अशीच होते. एकदा आई म्हणाली, "तुज्या इस्त्रीला हात लागला की झिनझिन करतंय." मी म्हटलं, हात ओले असतील. ती म्हणाली, "असंल. नवं हाय. नवी चप्पल बी चावती, मग बसती." मी हसले. आज चाळीस वर्षांच्या कामानंतर मी सांगते, घरातल्या बाईनं झिणझिण म्हटलं तर जेवणाच्या ताटावरून उठा.

तो रविवार. सकाळी दहाचा सुमार, पत्रा वाजायला लागलेला. बऱ्याच दिवसांनी काल टँकर आला होता, म्हणून आई मोरीत साठलेलं धुणं धूत होती, मी उंबऱ्यात बसून लसूण सोलत होते. आण्णांना दुपारी सभेला जायचं होतं, म्हणून नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून ते टेबलावर शर्ट पसरून इस्त्री करत होते. त्यांनी बाहीची घडी सारखी करायला डाव्या हातानं शर्ट ओढला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी इस्त्री पुढच्या पत्र्याला धरून जरा सरकवली.

त्यांच्या तोंडून आवाज आला नाही. हे मला कायम आठवतं. खूप जणांना वाटतं माणूस ओरडतो. आण्णांचा जबडा आवळला, मानेच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या, आणि ते इस्त्रीला धरून तसेच थरथरत राहिले. मी झेप घेऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. इस्त्रीचा लाल दिवा विझला. आण्णा सुटले नाहीत.

बटण बंद होतं. मी ते पाहत होते. माझ्या हातानं बसवलेलं, माझ्या हातानं बंद केलेलं बटण. इस्त्रीत वीज नव्हती, आणि इस्त्री माझ्या बापाला सोडत नव्हती. मी जे काही शिकले होते त्यात हे बसत नव्हतं. मी तिथंच खिळून राहिले. किती वेळ ते माहीत नाही, लसणाची पाकळी हातात तशीच होती. मोरीतून आई धावत आली, हातात कपडे बडवायचं लाकडी धोपाटणं होतं, तेच तिनं फिरवून आण्णांच्या मनगटावर हाणलं. आण्णा सुटून खाली पडले. तेव्हा कुठं मला शुद्ध आली, मी बोर्डाकडं धावले आणि मेन पाडला.

त्याच क्षणी भिंतीपलीकडून सखूआत्याचा आवाज आला, "काय गं, लाईट गेली का?"

मी ते ऐकलं. पण ऐकू आलं नाही.

आण्णा शुद्धीवर होते. अंगठा आणि तर्जनी, खिळे उचलायची तीच दोन बोटं, टोकाला पांढरी पडून भाजली होती. आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन "जीव हाय ना, जीव हाय ना" एवढंच म्हणत होती. मी इस्त्रीची पिन उपसून काढली, मेन पुन्हा चालू केला आणि टेस्टर घेतला. तो सॉकेटमधल्या हिरव्या वायरीच्या भोकात लावला. टेस्टर पेटला.

ज्यांनी कधी वायरिंग केलं नाही त्यांना हे कसं सांगू? समजा, घरात घोटभर औषध म्हणून जपून ठेवलेली बाटली आहे, आणि तुम्ही झाकण उघडता तर आत विष. घरातल्या प्रत्येक यंत्राच्या पत्र्याला मी ती हिरवी वायर जोडली होती. इस्त्रीला, पंख्याला, बोर्डाच्या पेटीला. मी प्रत्येक वस्तूला वीज नेऊन दिली होती, आणि तिला सुरक्षा म्हटलं होतं.

माझं डोकं पत्रकांवर पोसलेलं होतं. त्यानं लगेच शत्रू शोधला. बबन वायरमन! त्याचं काम मी काढून घेतलं होतं, ओढ्यापलीकडच्या पोरीनं गावातल्या माणसाचं. हा सूड आहे, हा कट आहे, हा आमच्या प्रगतीवरचा घाला आहे. एसटी स्टँडजवळच्या त्याच्या दुकानापर्यंत चालताना माझ्या डोक्यात मजकूर जुळूनही झाला होता, मथळ्यासकट.

बबन दुकानात पंख्याची कॉईल गुंडाळत होता. पाच-सहा माणसं चहा पीत बाकावर बसली होती. मी सगळ्यांसमोर ओरडले, "माझ्या बापाला मारायला निघाला होता तुम्ही! माझ्या अर्थिंगला हात कुणी लावला?"

बाकावरचा एक जण म्हणाला, "बबन्या, पोरगी जोरात हाय. जामीन बघून ठेव."

बबननं कॉईल खाली ठेवली. "आण्णा बरं हायेत का?" त्यानं आधी हे विचारलं. मी हो म्हटलं. मग तो म्हणाला, "आत ये." दुकानाच्या मागच्या बाजूला, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं तो बोलला. "सुजाता, सखूकडं गेलेली ती पयली वायर म्याच टाकली हुती. सहा वर्सं झाली. तुज्या आईनं शपथ घातली, आण्णाला कळता कामा नये. म्या बायकोला बी सांगितलं न्हाई. तुजा बाप तत्त्वाचा मानूस. तुजी आई बी तत्त्वाचीच हाय, पर तिचं छापून येत न्हाई."

मी म्हटलं, "ती वायर मी तोडली."

"तोडली व्हय?" तो थोडा हसला, पण वाईट नाही. "मग मला नगं इचारू. तुज्या खड्ड्यापास्नं सुरू कर. वायर कुठं संपतीय ते बघ आधी, मग वरडाया ये. दुकान उघडंच हाय."

येताना रस्ता कधी सरला ते कळलं नाही. मी मोरीमागं गेले. खड्डा कोरडा ठणठणीत, मातीला भेगा. बोल्टला माझी हिरवी वायर, आणि तिच्यावर, लुगड्याच्या काठाच्या चिंधीनं नीट बांधलेली, दुसरी एक वायर. ती भिंतीवरून पलीकडं गेली होती. मी तिच्या मागं गेले. सखूआत्या उंबऱ्याच्या आत, मांडीवर गोधडी घेऊन, पिवळ्या मिणमिणत्या बल्बखाली बसली होती. मला पाहून तिनं चष्मा वर केला.

"आली का गं लाईट? मघाशी घटकाभर गेलती. तुझ्या आईनं लई चांगलं काम करून दिलं बघ. ती पहार काडून टाकली. म्हनली, आमच्या सुजीनं सांगितलंय, पहार धोक्याची हाय. तुजं टोक आता सुजीच्या खऱ्या अर्थिंगला जोडते, तिथं कुनाला काय व्हत न्हाई."

मी तिच्या उंबऱ्यावर बसले.

आईनं माझं एकूणएक ऐकलं होतं. पहार धोक्याची, म्हणून तिनं पहार उपसली. अर्थिंग सुरक्षित, म्हणून तिनं आत्याच्या बल्बचं टोक अर्थिंगला दिलं. तोडलेली फेज चुलीजवळच्या बटणाला परत पिळली. बबनचं आणि माझं काम बघून बघून ती तेवढं शिकली होती. खड्ड्यात ओल होती तोवर जमीन ती वीज पीत होती. मग टँकर दोनदा चुकला. जमीन प्यायची थांबली. आत्याचा बल्ब लागला की वीज हिरव्या वायरीतून उलटी आमच्या घरात यायला लागली आणि बसली दबा धरून, ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाची वाट बघत.

घरी आले तेव्हा आण्णा खाटेवर होते, बोटांना चिंधी बांधलेली. मी सांगितलं. सगळं सांगितलं, मी वायर तोडली तेही आणि लपवलं तेही. आई चुलीपाशी उभी होती. तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले. "म्या? म्या केलं व्हय हे?" मग खाली बसली. "म्या मारलं असतं माज्या मालकाला." ती रडली नाही, फक्त स्वतःच्या हातांकडं बघत राहिली, ते दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.

आण्णांनी विचारलं, "किती वर्षं?"

"सहा."

सहा वर्षं ते त्या खोलीसाठी अर्ज लिहीत होते. मला वाटलं आता ते बोलतील, आणि मला भीती वाटली, कारण त्यांचं बोलणं नेहमी बरोबर असायचं.

"सुजे, तुझा नकाशा आण," ते म्हणाले.

मी फडताळातून कागद काढून दिला. त्यांनी तो गुडघ्यावर ठेवला आणि डाव्या हातात पेन धरलं, उजव्यात धरता येत नव्हतं. स्वतःची सही शोधली आणि ती खोडली. मग चुलीच्या भिंतीपाशी, जिथं माझी चौथी रेघ संपत होती, तिथं त्यांनी एक खूण केली. वाकडी आली, पण मी ती लहानपणापासून ओळखत होते. प्रुफात शब्द गळला की तिथं जी टोकदार खूण करतात ती, काकपद. आणि समासात, बालवाडीतल्या पोरासारख्या अक्षरात लिहिलं, 'सखू'.

"अर्जही करत राहायचा," ते म्हणाले. "दोन्ही करायचं." मग आईकडं न बघता, "अगं, कळशीत पाणी आहे का?"

त्याच दुपारी, सभेला कुणीही न जाता, पाचवी लाईन ओढली. बबन न बोलावता पिशवी घेऊन आला आणि मी शिव्या दिल्याचं त्यानं एकदाही काढलं नाही. जोडी वायर, स्वतःचा फ्यूज, आमच्या बोर्डातून निघून आत्याच्या खोलीत जाणारी आणि तिथंच संपणारी. तिच्या उंबऱ्यापाशी तिचा वेगळा खड्डा. आई पिण्याच्या पाण्यातली कळशी घेऊन आली आणि तिनं आधी तो खड्डा भिजवला, मग आमचा.

बटण दाबलं तेव्हा सखूआत्या गोधडीकडं बघतच राहिली. सहा वर्षांत पहिल्यांदा तिच्या बल्बला पूर्ण वीज मिळाली होती. "अगं बया," ती म्हणाली, "हे लई पांढरं हाय. माजं सगळं वाकडं टाकं दिसाया लागलं."

आण्णांच्या तर्जनीचं टोक बधिर राहिलं ते राहिलंच. त्यानंतर ते खिळे मधल्या बोटानं उचलायला शिकले. तो कागद माझ्याकडं आहे. छापील बाजूला मोठ्या अक्षरात बंधू-भगिनींना आवाहन आहे. मी तो नेहमी उलट्या बाजूनंच उघडते.